सहा जानेवारीचे चौघे

आमच्या होस्टेलवर तारखा मोजून तीनच. सबमिशनची, मेसचे पैसे भरायची आणि ओरलची. बाकीचे सगळे नुसते वार. रविवारी मेसला फीस्ट असते म्हणून रविवार तेवढा लक्षात राहतो. 'आज कितवी रे?' असं कुणी विचारलं तर समोरचा आधी खिशातून मोबाईल काढतो आणि मग सांगतो. अशा ठिकाणी राहून मी गेल्या दोन वर्षांत तारखांमध्ये जेवढं डोकं घातलं तेवढं एम-थ्रीमध्येही घातलं नाही (आणि ते एम-थ्रीच्या मार्कांवरून दिसतंच!).

सुरुवात झाली ती सेकंड इयरच्या जावाच्या प्रॅक्टिकलला. 'स्ट्रिंगमधून तारीख वाचणे' असा एक प्रयोग होता. जर्नलमध्ये तो दीड पानाचा, आणि सगळ्या बॅचने तो एकाच जर्नलवरून उतरवलेला. मॅडमनी सही केली, विषय संपला. पण मला त्यातली एक गोष्ट खटकत राहिली. आपण तारीख म्हणून जे वाचतो ते मशीनच्या दृष्टीने नुसती दहा अक्षरांची माळ असते. त्यातला दिवस कुठला, महिना कुठला, वर्ष कुठलं हे त्याला आपण सांगावं लागतं. ते सांगायचा जो साचा, तो फॉरमॅट पॅटर्न. घरी दिवाळीला सोऱ्या बघितला असेल ना? पीठ एकच, पण आत चकती शेवेची घातली की शेव पडते, चकलीची घातली की चकली. सोऱ्या काही विचारत नाही की बाई, तुला नक्की काय करायचंय?

जावात हा साचा इंग्रजी अक्षरांनी लिहितात. छोटा डी म्हणजे दिवस, मोठा एम म्हणजे महिना, छोटा वाय म्हणजे वर्ष. इथपर्यंत ठीक. पण छोटा एमसुद्धा आहे, आणि तो म्हणजे मिनिट. आता गंमत बघा. १५/०८/१९४७ ही तारीख घ्या आणि साच्यात सगळी अक्षरं छोटी लिहा. जावाचा जुना सिंपल-डेट-फॉरमॅट काय करतो? दिवस १५, वर्ष १९४७, आणि मधला आठ हा मिनिटांच्या घरात नेऊन बसवतो. महिना कुणी सांगितलाच नाही म्हणून तो आपला जानेवारी धरतो. झालं! देश १५ जानेवारी १९४७ ला, रात्री बारा वाजून आठ मिनिटांनी स्वतंत्र. एरर नाही, वॉर्निंग नाही. कंपायलर शांत, आपणही शांत.

मोठा डी लिहिला तर तो महिन्यातला दिवस न राहता वर्षातला कितवा दिवस, असा अर्थ होतो. त्या हिशोबाने १५ ऑगस्ट हा २२७ वा. मोठा एच चोवीस तासांच्या घड्याळाचा, छोटा एच बारा तासांच्या. छोट्या एचने दुपारचे साडेबारा वाचायला दिले आणि सकाळ-दुपार काही सांगितलं नाही, तर ते रात्रीचे साडेबारा होतात. मेसच्या वेळा अशा प्रोग्रामवर टाकल्या तर आमची पोरं जेवतील कधी?

आणि मोठा वाय! हा सगळ्यात छुपा. छोटा वाय म्हणजे साधं वर्ष, मोठा वाय म्हणजे आठवड्यांनी मोजलेलं वर्ष. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो त्या वर्षाचा पहिला आठवडा. १ जानेवारी २०१५ ला गुरुवार होता. म्हणजे त्याच आठवड्यातला सोमवार, २९ डिसेंबर २०१४, हा आठवड्यांच्या हिशोबाने २०१५ मध्ये गेला. वर्षाचे तीनशे साठ दिवस छोटा आणि मोठा वाय एकच उत्तर देतात, त्यामुळे टेस्टिंगमध्ये काहीच सापडत नाही. सापडतं ते डिसेंबरच्या शेवटी, लोक सुटीवर असताना. त्याच २९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरचे सर्व्हर आपण २०१५ च्या डिसेंबरमध्ये आहोत असं धरून चालले आणि अँड्रॉइड फोनवरचे पुष्कळ लोक धडाधड लॉग-आऊट झाले. एका अक्षराची उंची चुकली की असं होतं.

बरं, जावाचं पाठ केलं म्हणजे सुटलो असंही नाही. सी आणि पायथॉनमध्ये टक्क्याच्या खुणेपुढे अक्षर लिहितात आणि तिथे नेमकं उलटं: छोटा एम महिना, मोठा एम मिनिट. ओरॅकलमध्ये अक्षर छोटं का मोठं याने फरकच पडत नाही, म्हणून मिनिटांसाठी 'एमआय' असं वेगळं लिहावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये मिनिटांना आय. प्रत्येकाने आपापली मोडी लिपी काढलीय. व्हायवाला एक्स्टर्नलने हे विचारलं तर सरळ 'सर, मॅन्युअल बघून सांगतो' म्हणावं. तेच प्रामाणिक उत्तर आहे.

पण अक्षरं छोटी-मोठी होणं हा झाला पोरखेळ. खरा घोळ क्रमाचा. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकन माणूस आधी महिना लिहितो. आपला २६/११ म्हणजे नोव्हेंबरची सव्वीस. त्यांचा ९/११ म्हणजे सप्टेंबरची अकरा. दोन्ही शब्द आपण रोज ऐकतो, आणि दोन्हींचा क्रम उलटा आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. मी एकदा पी.एल.मध्ये (अभ्यास सोडून) हिशोब केला. दिवस बारा किंवा त्याच्या आत असेल तर तारीख उलटी वाचली तरी ती खरीच वाटते. अशा तारखा वर्षात बारा गुणिले बारा, म्हणजे १४४. त्यातल्या एक जानेवारी, दोन फेब्रुवारी अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातले १३२ दिवस असे आहेत की ते गुपचूप दुसऱ्याच दिवसात बदलतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आणि तेरापासून पुढच्या तारखा? तेरावा महिना नसतोच, म्हणजे तिथे तरी मशीन ओरडेल असं तुम्हाला वाटेल. पायथॉन ओरडतं. पण जावाचा तो जुना सिंपल-डेट-फॉरमॅट मुळात फार मवाळ. त्याला पंधरावा महिना सांगितला की तो म्हणतो, असू दे, बारा महिने झाले की पुढच्या वर्षीचे तीन. म्हणजे मार्च. आणि चक्क पुढच्या वर्षीच्या मार्चची तारीख हातात देतो. त्याला 'लीनियंट' म्हणतात. आमचे रेक्टर सर इतके लीनियंट असते तर काय हवं होतं!

हे सगळं मला पुस्तकी वाटत होतं, सप्टेंबर २०२४ पर्यंत.

गणपतीच्या सुट्या संपून आम्ही परत आलो तेव्हा ऑफिसबाहेरच्या बोर्डावर एक यादी लागली होती. येत्या काही वर्षांत निवृत्त होणारे चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी. नाव, पद, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख. एकोणीस नावं. ऑफिसचा डेटा बाहेरच्या एका मंडळींकडे देऊन नव्या सॉफ्टवेअरमधून ती काढली होती. कुणाकडे, ते विचारू नका.

आमच्या विंगचे मामा संध्याकाळी रूमवर आले. मामा म्हणजे होस्टेलचे शिपाई. पाण्याची टाकी, फ्यूज, हरवलेली किल्ली, तापाची गोळी, सगळं त्यांच्याकडे. म्हणाले, "बाळा, तुमचं कॉम्प्युटरचं ना? मग हे सांग, सरकारनं निवृत्तीचा नियम बदललाय का?"

"का हो मामा?"

"माझी एकतीस मे धरून चाललो होतो मी. तिथं एकतीस जानेवारी लिहिलंय."

चार महिने म्हणजे चार पगार. शिवाय मामांची नात त्यांच्याकडे क्वार्टरमध्ये राहून शिकत होती आणि त्याच वर्षी दहावीला होती. जानेवारीअखेर निवृत्ती म्हणजे नेमकं परीक्षेच्या तोंडावर क्वार्टर सोडायचा विचार. मामा तक्रार करत नव्हते बरं का. "वरून आलंय म्हणजे असेल काहीतरी," एवढंच. त्यांना फक्त नियम समजून घ्यायचा होता. मला त्याचाच जास्त राग आला.

मी खाली जाऊन यादी वाचली. मामांची जन्मतारीख लिहिली होती ६ जानेवारी १९६५. त्यांच्या खाली आणखी एक ६ जानेवारी. मग अजून दोन. एकोणीस माणसांत चौघे एकाच दिवशी जन्मलेले? वर्षं वेगवेगळी, पण दिवस तोच. मी रूमवर येऊन विचारलं, "मामा, तुमची खरी जन्मतारीख काय?"

"खरी कुणाला ठाऊक? कागदावर एक जून."

इथे ट्यूब पेटली. एक जून! महाराष्ट्रात ज्याच्या घरात आजी-आजोबा आहेत त्याला हे सांगायला नको. माझ्या आजोबांची एक जून, त्यांच्या भावाची एक जून, शेजारच्या काकांची एक जून. त्या काळी घरात जन्माची नोंद नसे. पोराला शाळेत नेलं की गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर बघू. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं! शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून रजिस्टरात टाक एक जून. आईला विचारलं तर ती 'आखाडात, मोठा पूर आला होता तेव्हा' असं काहीतरी सांगणार. गुरुजींनी एका पेनाने पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्माला घातली. आणि सरकारी नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून तर दरवर्षी ३१ मे ला ऑफिसाऑफिसांत निरोपसमारंभांची रांग लागते.

०१/०६/१९६५ आधी महिना मग दिवस असं वाचा. जानेवारीची सहा. चौघांचंही कोडं सुटलं.

पण चार नावांवरून नुसता संशय येतो. मी उरलेली नावं धरली. लेडीज होस्टेलच्या मावशींच्या नावापुढे ८ मार्च १९६८ होतं. मावशी अभिमानाने सांगतात की त्यांचा जन्म झेंडावंदनाचा, १५ ऑगस्ट १९६७. पंधरावा महिना! १९६७ चा पंधरावा महिना म्हणजे १९६८ चा मार्च, आणि दिवस आठ. वॉचमन काका ३१ डिसेंबर १९६४ चे. यादीत १२ जुलै १९६६. एकतिसावा महिना म्हणजे दोन वर्षं सरून सातवा, जुलै. अगदी त्याच मवाळ पद्धतीने. मी लॅबमध्ये बसून आठ-दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला, साच्यात मुद्दाम महिना आधी ठेवला, आणि या सगळ्या तारखा आत टाकल्या. यादीतलीच उत्तरं बाहेर आली. पलीकडचा कोड मी पाहिलेला नाही. पण चुकीचं उत्तर इतक्या वेळा, इतक्या शिस्तीत, त्याच वाटेने येत असेल तर वाट तीच. पूर्ण यादीत एकाच माणसाची तारीख बरोबर होती. त्यांचा जन्म ५ मे चा.

ऑफिसात गेलो. मोठ्या उत्साहाने लीनियंट वगैरे सुरू केलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या वर्षाला आहेस?"

"थर्ड इयर, मॅडम. कॉम्प्युटर."

"हे बघ, सेवापुस्तकात तारीख बरोबर आहे. ही नुसती यादी आहे."

"पण मॅडम, पेन्शनचे कागद याच यादीवरून काढणार ना?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "ते एम आणि वाय मला सांगू नकोस. कुणाकुणाचं चुकलंय आणि खरं काय, ते कागदावर लिहून दे."

आणि हे त्यांचं बरोबरच होतं. त्यांना साचा नको होता, त्यांना अठरा नावं हवी होती. मी आणि माझ्या रूम पार्टनरने दोन रात्री बसून तक्ता केला. प्रत्येकाला भेटून शाळा सोडल्याचा दाखला बघितला, एका रकान्यात खरी तारीख, दुसऱ्यात यादीतली, तिसऱ्यात फरक. अधीक्षक साहेबांनी तो पुढे पाठवला. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं म्हणे: डेटा तुमच्याकडून तसाच आला होता. खोटं नव्हतं ते. तारखा इथून दिवस-महिना-वर्ष अशाच गेल्या होत्या. पण फाईलबरोबर 'यात आधी दिवस आहे' असं एक वाक्य लिहायचं इथे कुणाला सुचलं नाही आणि तिथे कुणी विचारलं नाही. माझं मत विचाराल तर दोष जास्त विचारणाऱ्याचा. साचा तो लिहितो, तर पीठ कसलं आहे हे त्याने बघायला नको?

ज्यांना प्रोजेक्टमध्ये तारखा घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं (ज्युनिअर्सनो, हे जर्नलमध्ये नाही). फाईलमध्ये तारीख ठेवायची तर वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, चार आकडी वर्षासकट. १९८८ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८६०१; शिवाय नावाप्रमाणे लावलं की तारखा आपोआप क्रमाने लागतात. दोन आकडी वर्ष ठेवूच नका. पायथॉन ६८ पर्यंतचे आकडे दोन हजारात ढकलतं, म्हणजे नुसतं ६५ लिहिलं असतं तर आमचे मामा २०६५ साली जन्मणार होते! जावात जुना वर्ग वापरावाच लागला तर 'सेट-लीनियंट' खोटं करा. २०१४ ला जावा आठबरोबर आलेला नवा डेट-टाइम-फॉरमॅटर पंधरावा महिना खपवून घेत नाही, पण ३१ फेब्रुवारी दिली की गपचूप फेब्रुवारीअखेर धरतो. ते नको असेल तर त्याला स्ट्रिक्ट करा, आणि मग वर्षासाठी वायच्या जागी छोटा यू लिहा. एक्सेलवर तर डोळे मिटून विश्वास नकोच. सेप्ट आणि मार्च अशा नावांची माणसाची काही जनुकं आहेत. एक्सेल त्यांना परत परत तारखा करत राहिलं, तेव्हा २०२० साली शास्त्रज्ञांनी हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं.

तर, दिवाळीआधी सुधारलेली यादी लागली. महिने या वेळी अक्षरांत लिहिलेले. मामांपुढे ३१ मे २०२५. त्यांनी आम्हाला कँटीनमध्ये चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. नातीने परीक्षा क्वार्टरमधूनच दिली. वॉचमन काकांचे एकोणीस महिने गेले, पण ते हसले. "मला वाटलंच होतं, सरकार एवढं दिलदार कधी झालं?"

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांची तारीख ३१ मार्च २०२८ वरून ३१ ऑगस्ट २०२७ वर आली. जी त्यांची होती तीच. पण मधल्या दोन महिन्यांत त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढायचं ठरवलं होतं, घरावर पत्रे टाकायला, आणि हप्ते मार्चपर्यंत पुरवून बसवले होते. त्यांनी मला गेटवर गाठलं.

"तूच लिहून दिलंस ना रे?"

"हो मावशी."

"माझे सात महिने होते ते."

मी काय बोलणार? ते त्यांचे नव्हते हे त्यांनाही माहीत होतं. 'मावशी, महिना आणि दिवस उलटे वाचले होते' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मामांचे चार महिने परत आणायचे आणि मावशींचे सात तसेच राहू द्यायचे, असा साचा नसतो. रूम पार्टनर नंतर म्हणाला, मावशींचं नाव तक्त्यात घातलं नसतं तर? मी म्हटलं, मग बाकीच्या सतरांवर तरी कुणी विश्वास ठेवला असता का? तो गप्प बसला. मीही त्या रात्री बराच वेळ जागा होतो, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी मावशी पतसंस्थेचा कागद घेऊन आल्या. "सात हप्ते कमी करून दर महिन्याला किती पडतील, तेवढं काढून दे." मी मोबाईलवर काढून दिलं. हप्ता वाढला होता. त्यांनी आकडा दोनदा विचारला, कागदाच्या मागे लिहायला लावला, आणि म्हणाल्या, "शेवटचा कधीचा, ते पण लिही. महिना अक्षरात लिही हां."

लिहिलं. ऑगस्ट.